रेप्लिकेशन आणि बॅकअप: दुसऱ्या सेंटरला नेमकं काय पाठवायचं?

नाशिकच्या सातपूर-अंबडचा कारखाना असो, पतसंस्था असो की हॉस्पिटल, डेटाच्या सुरक्षेचा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं: "आमचा सगळा डेटा मुंबईच्या डेटा सेंटरला रेप्लिकेट होतो, काळजी नाही." उत्तर खोटं नसतं, पण अपुरं असतं. रेप्लिकेशन आणि बॅकअप ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइटचं, म्हणजे संकटात काम चालू ठेवायच्या दुसऱ्या जागेचं, कोटेशन हातात घेण्याआधी हा फरक पक्का डोक्यात असायला हवा.

रेप्लिकेशनमध्ये इथल्या डेटाबेसमधला प्रत्येक बदल दुसऱ्या सेंटरच्या सर्व्हरवर लगेच उतरतो. इथला सर्व्हर बसला तर तिकडून काम सुरू करता यावं, एवढ्यासाठी ते असतं. बॅकअपमध्ये एका ठरावीक वेळेचा डेटा बाजूला काढून ठेवतात आणि नंतर त्याला कोणी हात लावत नाही. ऑनलाइन सातबारा आणि फाइलला लावून ठेवलेला जुन्या तारखेचा उतारा, असाच हा फरक. ऑनलाइन सातबारा नाशिकमधून बघा नाहीतर पुण्यातून, आजची स्थितीच दिसणार. नोंद चुकीची पडली असेल तर दोन्हीकडे चुकीचीच दिसणार. आधी काय होतं हे सांगायला जुना उतारा लागतो.

समजा, अंबडच्या एका कारखान्यात संध्याकाळी ४:१० ला एका पार्टीचा दर दुरुस्त करायला कोणी थेट डेटाबेसवर अपडेट चालवला आणि 'व्हेअर'ची ओळ, म्हणजे नेमक्या कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणारी अट, राहून गेली. दराच्या टेबलमधल्या सगळ्या ओळींत एकच आकडा बसला. दुसऱ्या क्षणी मुंबईच्या रेप्लिकातही तोच आकडा बसतो, कारण बदल बरोबर की चूक हे ठरवणं रेप्लिकेशनचं कामच नाही. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी डेटा अडवणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) कुलूपबंद केलेल्या फायलीही तशाच तिकडे पोचतात. इथे उपयोगी पडतो तो दुपारचा बॅकअप, आणि डेटाबेसचे लॉग (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) जपले असतील तर ४:०९ पर्यंतही मागे जाता येतं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या कंपनीत घडलं ते या विषयातल्या प्रत्येकाने समजून घ्यावं. त्यांचा दुय्यम डेटाबेस, म्हणजे रेप्लिका, मुख्य डेटाबेसच्या मागे पडला होता. तो पुन्हा जुळवताना इंजिनियरने चुकून मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी पुसली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरला होता. दुय्यम सर्व्हर आधीच रिकामा केलेला. रोजचे बॅकअप शोधायला गेले तर तेही नव्हते, कारण बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती आणि काम फसल्याच्या मेल कोणापर्यंत पोचतच नव्हत्या. शेवटी सहाएक तासांपूर्वी कोणी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) सापडला म्हणून कंपनी वाचली. मधल्या तासांतला डेटा गेला तो गेलाच. ही सगळी हकिकत कंपनीने स्वतःच जाहीर केली, म्हणून आज आपल्याला ती इतकी तपशिलात माहीत आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. बॅकअप आहे, पण मूळ सर्व्हरशेजारीच आहे, तर तो दोघांच्या अंगावर एकदम येणाऱ्या संकटात टिकत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. बॅकअपही तिथेच ठेवलेल्या काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. आपल्याकडे आगीइतकीच पाण्याची धास्ती. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता, सराफ बाजार-भांडी बाजाराच्या बाजूला दुकानांत पाणी शिरलं होतं. त्या भागात तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच कपाटात बॅकअपची डिस्क असेल, तर पुराच्या हिशेबाने ती एकच प्रत आहे.

२०१९ च्या त्याच दिवसांत मुंबई-ठाण्यातही जोरदार पाऊस होता. एकाच पावसाचा तडाखा नाशिक आणि मुंबई दोन्हींना बसू शकतो, म्हणून बॅकअपची निदान एक प्रत हैदराबाद किंवा चेन्नईकडे असावी, असं माझं ठाम मत आहे. बॅकअपला अंतराचं वावडं नाही, पहाटेपर्यंत पोचला तरी चालतो.

रेप्लिकेशनला मात्र अंतर जाणवतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नाशिक-मुंबई १७० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन १.७ मिलिसेकंद, आणि फायबर सरळ रेषेत जात नाही, मध्ये यंत्रंही असतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये प्रत्येक नोंद पलीकडून पोच येईपर्यंत थांबते, त्यामुळे लांबच्या शहराशी ते जोडलं तर सगळी सिस्टिम रेंगाळते. असिंक्रोनसमध्ये थांबावं लागत नाही, पण इथला सर्व्हर अचानक बसला तर तिकडे न पोचलेल्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी जाऊ शकतात. बहुतेक कारखान्यांना ते चालतं. पैशांचे व्यवहार करणाऱ्या संस्थेने मात्र हा निर्णय व्हेंडरवर सोडू नये.

लाइनचा हिशेब आधीच कागदावर मांडावा. १० टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पहिल्यांदा पाठवायचा तर लाइन पूर्ण भरून चालली तरी नऊ दिवसांहून जास्त लागतात. त्यापेक्षा डिस्कवर एनक्रिप्ट करून गाडीने मुंबईला नेणं शहाणपणाचं. पुढे रोज ६० जीबी बदलत असेल तर तेवढं ८० मिनिटांत जातं, रात्रीच्या बॅकअपला पुष्कळ झालं. रेप्लिकेशनसाठी रोजची सरासरी धरून भागत नाही. महिनाअखेरीला बिलिंगच्या गर्दीत जेवढे बदल होतात, तेवढे त्याच वेळी पेलणारी लाइन लागते. आणि दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या तरी त्या एकाच चरातून आलेल्या नाहीत ना, हे जागेवर जाऊन बघा. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणले जात असताना हे बघणं आणखीच गरजेचं.

व्हेंडर दोन्हींना सर्रास 'डीआर' म्हणतो. त्याला एकच सांगा: "मागच्या मंगळवारी डेटा जसा होता, तसाच तिकडच्या सेंटरमधून उघडून दाखवा." दाखवता आला तर बॅकअपची प्रत तिथे जाते आहे. फक्त आजची स्थितीच दिसत असेल तर ते निव्वळ रेप्लिकेशन.

हात आखडता असेल तर आधी बॅकअपची प्रत बाहेर पाठवा आणि रेप्लिकेशन फक्त जी सिस्टिम तासभरही बंद राहून चालत नाही तिच्यासाठी घ्या. सात दिवसांचेच बॅकअप ठेवून भागत नाही. हल्लेखोर आत शिरून कित्येक आठवडे गप्प बसू शकतो, म्हणून महिनाअखेरीच्या प्रती वर्षभर तरी जपाव्यात. त्या ठरलेल्या मुदतीआधी कोणालाही पुसता येऊ नयेत, अगदी अॅडमिनलाही, आणि तिकडचा पासवर्ड ऑफिसच्या डोमेनचा (ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचा) नसावा. दर तिमाहीला बॅकअपमधून एक सिस्टिम कोऱ्या सर्व्हरवर उभी करा. तिथे अकाउंट्सच्या माणसाला बसवून मागच्या महिन्याचं एखादं बिल काढायला सांगा आणि सुरुवातीपासून ते बिल छापून येईपर्यंत किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मालकाने "किती वेळात चालू होईल?" विचारलं की द्यायचा आकडा तोच.