पहिल्या ईसीजीनंतरचा दुसरा ईसीजी

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांतून छातीत कळ आलेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला काही तास लागू शकतात, त्यामुळे खानदेशाच्या दुर्गम भागात वेळेत मिळू शकणारे उपचार म्हणजे आधी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख, आणि मग रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. हा ईसीजी केवळ निदानापुरता असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रुग्ण वाचण्याची शक्यता किती आणि धोका कोठे आहे, याचेही बरेचसे उत्तर त्याच कागदावर उमटलेले असते.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरचा एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, आणि उभ्या दिशेला १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे विलेम आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञाने दिली; त्याला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडली की एस आणि टी यांमधला, एरवी सपाट असणारा भाग मूळ रेषेच्या वर उचलला जातो.

इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा काढलेला ईसीजी माझ्या मते पहिल्याइतकाच मोलाचा असतो. समजा, आधी हा भाग चार मिलिमीटर उचललेला होता आणि आता एकच मिलिमीटर राहिला, तर तो ७५ टक्के खाली आला. ७० टक्के किंवा त्याहून अधिक उतार पूर्ण मानला जातो, आणि असा उतार दिसलेल्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण उतार न दिसलेल्यांपेक्षा बरेच कमी असल्याचे मोठ्या चाचण्यांत आढळले आहे. अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणात, मोठी वाहिनी उघडलेली दिसली तरी बारीक केशवाहिन्यांतून रक्त हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतेच असे नाही. ईसीजी मात्र थेट त्या स्नायूची स्थिती सांगतो. उतार निम्म्याहून कमी असेल, तर रुग्णाला विनाविलंब अँजिओप्लास्टीसाठी, म्हणजे बंद वाहिनी फुग्याने उघडण्यासाठी, हलवावे लागते. म्हणूनच शहादा किंवा चोपड्याहून पुढे निघायचे की थांबायचे, हे ठरवताना हा दुसरा ईसीजी टाळता कामा नये.

क्यूआरएस ही लाट तीन लहान चौकोनांहून रुंद असणे आणि विश्रांतीतही नाडी जलद असणे, ही आणखी काही चिंतेची लक्षणे आहेत.

हृदयविकाराच्या झटक्यातून सावरल्यानंतरच्या धोक्याचा अंदाज होल्टर नोंदीतून, म्हणजे अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने चोवीस तास घेतलेल्या ईसीजीतून, घेता येतो. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे समान अंतराने पडत नाहीत. मेंदूकडून येणाऱ्या नसांच्या प्रभावाने ते अंतर सतत थोडे कमी-जास्त होत राहते. १९८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ८०८ रुग्णांच्या अभ्यासात, हा चढउतार ५० मिलिसेकंदांहून कमी असलेल्यांचा मृत्यूचा धोका १०० हून अधिक असलेल्यांच्या सुमारे पाचपट आढळला. पुढे, २०११ मध्ये, तेथीलच संशोधकांनी ठोक्यागणिक लाटेच्या आकारात होणारे, डोळ्यांना न दिसणारे बदल संगणकाने मोजून असाच अंदाज बांधता येतो, हे दाखवले.

मात्र धोक्याची खूण पुसली म्हणजे धोका टळला, असे नाही. झटक्यानंतर अवेळी पडणारे जादा ठोके वाईट, म्हणून ते औषधांनी दाबावेत, हा विचार एकेकाळी अगदी सरळ वाटत होता. परंतु कास्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत ठोके कमी होऊनही औषध घेणाऱ्यांचेच मृत्यू जास्त झाले, आणि १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग थांबवावा लागला.

नातेवाइकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे आकडे रुग्णांच्या समूहाचे असतात. मुळातला धोका लहान असेल, तर त्याची पाचपटही अनेकदा बरेच जण वाचतील अशीच असते. ईसीजी वाईट आला म्हणून कोणाही एका माणसाचे भवितव्य ठरलेले नसते.

ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेने छपाई होणारा असतो आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवला तर काळवंडतो किंवा त्यावरच्या रेषा पुसट होतात. यासाठी त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी, मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्यावा आणि त्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी. पुढच्या तपासणीला हे जुने कागद सोबत न्यावेत, कारण नव्या ईसीजीतील रुंद झालेली लाट आजची की वर्षापूर्वीची, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.