जुन्या धाटणीचे हस्तनिर्मित गिटार पिकअप

विद्युत गिटारच्या तारांखाली बसवलेला आणि त्यांचे कंपन विजेच्या संदेशात बदलणारा भाग म्हणजे पिकअप. एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे, म्हणजे कॉइल, एवढाच त्याचा ऐवज. 1950 च्या दशकातल्या अमेरिकी पिकअपची मापे, साहित्य आणि बांधणी सांभाळून, वायर बोटांनी सोडत जे पिकअप आज बनवले जातात, त्यांना जुन्या धाटणीचे किंवा व्हिंटेज पिकअप म्हणतात. (या नोंदीत गिटारची ती ‘तार’ आणि कॉइलची ती ‘वायर’.)

गोव्यात गिटार हे घरातले वाद्य आहे. लग्नाच्या हॉलमधला बँड, तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचा वाद्यवृंद, किनाऱ्यावरच्या संध्याकाळी, सगळीकडे ती असते, आणि फोंडा-डिचोलीकडच्या मराठी घरांतही पेटी-तबल्याशेजारी ती भिंतीला टांगलेली दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. त्याच गोव्याची खारी हवा मात्र पिकअपची वैरीण आहे. म्हणून इथे पिकअपचा विचार नादापुरता करून भागत नाही, तो उघडून दुरुस्त होईल का हेही पाहावे लागते.

कार्य

विद्युत गिटारची तार लोखंडाच्या जातीच्या धातूची, बहुधा पोलादी असते. खालच्या चुंबकामुळे तिचा तेवढा तुकडा स्वतःही चुंबकित होतो. तार हलली की कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिलेल्या विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाने कॉइलमध्ये विद्युतदाब उत्पन्न होतो. हा दाब शंभर-दोनशे मिलिव्होल्टच्या घरातला. पुढचे काम ॲम्प्लिफायरचे. पिकअपला कळते ते पोलादाचे हलणे. त्यामुळे अनेक घरांत असते त्या नायलॉनच्या तारांच्या गिटारला हा पिकअप जोडला तर तो मुकाच राहतो.

टोन कशातून येतो

दुकानात पिकअप ओळखला जातो तो किलोओहमच्या आकड्याने, म्हणजे कॉइलच्या रोधाने. आकडा मोठा तर आवाज दमदार, असा सर्रास समज आहे. खरे तर नादगुणाविषयी इतके थोडे सांगणारे दुसरे माप नसेल. वायर एक नंबर बारीक घेतली की वेढे तेवढेच ठेवूनही रोध जवळजवळ सव्वापट होतो. इतकेच काय, तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, म्हणून 20 अंश सेल्सिअसला 6.0 किलोओहम दाखवणारी कॉइल गोव्यातल्या मे महिन्याच्या दुपारी, 33 अंशांना, 6.3 दाखवते. कॉइल तीच, वेढे तेच, नादही तोच.

नाद ठरतो तो मुख्यतः प्रवर्तकतेवर, म्हणजे इंडक्टन्सवर, आणि त्याच्याशी जुळलेल्या धारितेवर, म्हणजे कपॅसिटन्सवर. कॉइलची प्रवर्तकता आणि गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या केबलची धारिता मिळून एक अनुनाद घडवतात. त्या कंप्रतेपाशी आवाज उठून दिसतो आणि तिच्या वरचे स्वरांश झपाट्याने गळून जातात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या जुन्या, एकेरी कॉइलच्या पिकअपची प्रवर्तकता साधारण 2.3 हेन्री असते. पाच मीटर केबलची धारिता 500 पिकोफॅरडच्या आसपास. कॉइलची स्वतःची शंभरेक धरली, तर अनुनाद सुमारे 4300 हर्ट्झला येतो. जुन्या हंबकरची, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपची, प्रवर्तकता साडेचार हेन्री धरली की हाच अनुनाद सुमारे 3000 हर्ट्झवर उतरतो. पहिल्याला लोक काचेसारखा स्वच्छ, घंटेसारखा म्हणतात आणि दुसऱ्याला भरदार, गोलसर. या शब्दांमागचा बराचसा अर्थ या दोन आकड्यांत आहे. टोनच्या बटणाखालचे पोटेन्शिओमीटरही (फिरवून कमीजास्त करायचा रोध) यात हात घालते: एकेरी कॉइलला 250 किलोओहमचे आणि हंबकरला 500 चे लावायचा प्रघात अनुनादाचे टोक किती तीक्ष्ण ठेवायचे यावरूनच पडला आहे.

मराठी वाचकाला याच्या जवळची गोष्ट तंबोऱ्यात सापडेल. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून जवारी काढतो तेव्हा तारेचा मूळ स्वर बदलत नाही. त्याच्या वरचे कोणते स्वरांश उमलतील आणि कोणते दबतील, ते बदलते. पिकअप बांधणाराही वेढ्यांची संख्या, चुंबकाची ताकद आणि वायरचा ताण यांतून हीच निवड करत असतो. फरक इतकाच, की जवारी लागली की नाही ते तिथल्या तिथे ऐकू येते. पिकअपचे खरेखोटे मात्र तो गिटारमध्ये बसून तारा चढल्यावरच कळते.

चुंबक बहुधा अल्निकोचा, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचा. त्याचे प्रकार क्रमांकाने ओळखतात. क्रमांक 5 जोरदार, आघात ठसठशीत करणारा. क्रमांक 2 सौम्य. क्रमांक 3 मध्ये नाव अल्निको असूनही कोबाल्ट नसतो. चुंबक फार जोरदार असेल आणि तारांच्या फार जवळ आणला तर तो तारेलाच ओढून धरतो आणि जाड तारांवर वरच्या पट्टीत बेसूर, डळमळीत आवाज येऊ लागतो. पिकअपचा स्क्रू थोडा सैल करून तो खाली उतरवणे हा यावरचा बिनखर्चाचा इलाज. नवा पिकअप विकत घेण्याआधी प्रत्येकाने तो करून पाहावा.

उगम

पहिला यशस्वी पिकअप हवाईयन गिटारसाठी झाला. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या या गिटारचा आवाज वाद्यवृंदात बुडून जाई. जॉर्ज बीचम यांनी 1931 मध्ये नालाकृती चुंबकांचा पिकअप सिद्ध केला, ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने तो बाजारात आला आणि 1937 मध्ये त्याला पेटंट मिळाले. 1936 च्या गिब्सन कंपनीच्या ईएस-150 गिटारमधल्या पट्टीच्या पिकअपला चार्ली ख्रिश्चन या जॅझ वादकाचे नाव चिकटले. 1946 मध्ये गिब्सनचा पी-90 हा पिकअप आला. त्याची रुंद, चपटी कॉइल सुमारे दहा हजार वेढ्यांची असे.

लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण त्यांच्या पिकअपमध्ये दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा साधेपणा दिसतो: फायबरच्या दोन पट्ट्या, त्यांत ठोकलेल्या सहा अल्निको कांड्या आणि थेट त्या कांड्यांवर गुंडाळलेली वायर. टेलिकास्टर 1950-51 मध्ये आणि स्ट्रॅटोकास्टर 1954 मध्ये आली. स्ट्रॅटोकास्टरच्या कांड्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या ठेवल्या होत्या, कारण तेव्हा गिटारची तिसरी तार गुंडाळीची असे आणि तिचा आवाज कमी पडे. आज तिसरी तार साधी असते, तरीही जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये ती उंच कांडी तशीच ठेवतात आणि मग तिसरी तार इतरांवर आवाज चढवते. अशी नक्कल डोळ्यांना सुखावते; वाजवणाऱ्याच्या कानासाठी पिकअप बांधतानाच ती कांडी बुटकी ठेवणे केव्हाही बरे. फेंडरच्या कारखान्यात 1956 पासून काम केलेल्या अबिगेल इबारा यांच्या हाताने गुंडाळलेले पिकअप आज नावाने ओळखले जातात. या धंद्यात कारागिराचे नाव उरणे दुर्मीळच.

एकेरी कॉइलचा दोष म्हणजे हम्म. कॉइल तारेइतकीच आसपासच्या विजेचेही ऐकते: अमेरिकेत 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. गिब्सनचे सेठ लव्हर यांनी दोन कॉइल उलट दिशेने आणि उलट ध्रुवांवर जोडल्या. हम्म दोन्हींत विरुद्ध येऊन मावळते, तारेचा संदेश मात्र जुळून दुप्पट होतो. पेटंटसाठी अर्ज 1955 मध्ये केला, पिकअप 1957 मध्ये गिटारवर चढला आणि पेटंट 1959 मध्ये मिळाले. मधल्या काळात तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असे, म्हणून त्यांना पीएएफ म्हणतात. दोन्ही कॉइल पाच-पाच हजार वेढ्यांच्या असायच्या, पण प्रत्यक्षात दोन कॉइल क्वचितच सारख्या भरत, आणि चुंबक अल्निकोच्या ज्या प्रकारचा हाती येई तो बसे. दोन पीएएफ सारखे वाजत नाहीत ते यामुळे. आजचा कारागीर त्या काळची ढिलाई मोजूनमापून पुन्हा आणतो. एका कॉइलला शे-दोनशे वेढे जास्त घालतो. हम्म पुरते मरत नाही, पण नादात थोडी धार येते.

हाताने गुंडाळणे

बॉबिन, म्हणजे वायर गुंडाळायचा सांगाडा, बोटे फिरवत नाहीत, मोटर फिरवते. अनेक कारागीर त्यासाठी शिलाई मशीनची मोटर आणि एक फेऱ्यांचा गणक वापरतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरलेली वायर माणूस डावी-उजवीकडे नेत राहतो. मिनिटाला हजार फेऱ्या धरल्या तर आठ हजार वेढ्यांना आठ मिनिटे लागतात आणि त्या आठ मिनिटांत कान, डोळे, बोटे दुसरीकडे जाऊन चालत नाही. वायर ओढली गेली तर ताणून आणखी बारीक होते किंवा तुटते. सैल राहिली तर वेढे थरथरतात आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारू लागतो. हाताने वेढे एकमेकांवर तिरपे, विस्कळीत पडतात, त्यामुळे कॉइलची स्वतःची धारिता किंचित कमी होते. या विस्कळीतपणाची महती फार गायली जाते. वर दिलेल्या हिशोबात केबलचे 500 पिकोफॅरड पाहिले, तर कॉइलमधले वीस-तीस वाचवून मिळणारा फरक केबल पाव मीटर आखूड करूनही मिळतो. हातकामाचे मोल निराळे आहे: कारागीर एका विशिष्ट गिटारसाठी, एका वादकाच्या कानासाठी वेढे कमीजास्त करू शकतो.

जुन्या पिकअपची वायर अमेरिकी मोजणीत 42 नंबरची, 0.063 मिलिमीटर व्यासाची. आपल्याकडच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानांत ब्रिटिश गेज चालते. त्यात तिला सर्वांत जवळचा नंबर 46. पंख्याच्या वायरपेक्षा ही साधारण तिपटीने बारीक, त्यामुळे कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, पंपांच्या मोटरी भरणाऱ्या कसलेल्या कारागिरालाही ती पहिल्यांदा हातात धरवत नाही. 6 किलोओहमची एक कॉइल उलगडली तर वायर एक किलोमीटरहून लांब भरते. तिच्यावरचा लेपही नादाच्या चर्चेत येतो: स्ट्रॅटोकास्टरच्या 1950 च्या दशकातल्या कॉइलवर सोनेरी फॉर्मवार, पीएएफवर तांबूस-जांभळट प्लेन इनॅमल. लेपाची जाडी वेढ्यांमधले अंतर ठरवते, एवढाच त्याचा संबंध.

शेवटी मेण. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचे मेण पाण्याच्या भांड्यात ठेवून, 65 अंशांच्या आसपास वितळवून त्यात कॉइल बुडवतात. बुडबुडे थांबले की मेण आतवर गेले. उष्णता वाढली तर प्लॅस्टिकचे बॉबिन वाकते. थेट आचेवर मेण ठेवू नये, ते पेट घेते. पीएएफ मुळात मेणाविना असत, म्हणून काही जण मेण टाळतात; पण मोठ्या आवाजात वाजवणाऱ्याने ते टाळू नये.

गोव्याची हवा

किनारपट्टीवर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, आणि बाकीचे महिने समुद्राकडून येणारे मीठ. फेंडरच्या पद्धतीत वायर थेट चुंबकाच्या कांड्यांवर असते. फायबरची पट्टी दमट हवेत ओल शोषते, कांडीला गंज धरतो, गंजाने लेप खाल्ला जातो आणि एखाद्या हिरव्या ठिपक्यापाशी वायर तुटते. पिकअप एका पावसाळ्यानंतर अचानक बारीक, पत्र्यासारखा वाजू लागला किंवा गप्प झाला, तर बहुधा हेच झालेले असते. म्हणून इथल्यासाठी पिकअप बांधताना कांड्यांना आधी लाखेचा हात द्यावा किंवा पातळ टेपचा एक वेढा घालावा. अस्सलपणाच्या नावाखाली हा टेप नाकारणारे कारागीर आहेत. त्यांनी पावसाळाभर उघड्या खिडकीशी राहिलेली एखादी गिटार उघडून पाहावी.

जत्रेच्या मंचावर एकेरी कॉइलची परीक्षा होते. दिव्यांचे डिमर, जनरेटर, लांबच लांब ओढलेल्या केबली. त्यात जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की आर्थिंग दुबळे होते, म्हणून खड्ड्यात पाणी ओतायची रीत आहे. आर्थिंग नीट झाले की तारांना हात लावल्यावर बदलणारी करकर जाते. कॉइलने हवेतून उचललेली हम्म मात्र राहते. तिथे गिटार थोडी वळवून कमी हम्मची दिशा शोधणे, नाहीतर हंबकर.

जुन्या नादाचा वाद गोव्याला नवा नाही. घुमट या मातीच्या वाद्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. जुन्याजाणत्यांना पहिला घुमार आठवतो, नवे वादक नव्या कातड्याला उन्हात तापवून बोलते करतात. पिकअपचेही असेच आहे.

दुरुस्ती

मेण भरलेली कॉइल उघडता येते, एपॉक्सीत ओतलेली उघडता येत नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्यासाठी जुन्या धाटणीचा हा सर्वांत मोठा गुण मानावा. बंद पडलेल्या कॉइलमधली तुटलेली जागा पुष्कळदा बाहेरच्या थरात किंवा जोडवायरच्या डागापाशीच सापडते. तेवढे काही वेढे काढून पुन्हा डाग दिला की पिकअप बोलू लागतो, आणि आठ हजारांतून पन्नास वेढे गेल्याचे कानाला कळत नाही. फेंडर पद्धतीच्या पिकअपच्या कांड्या मात्र कधीही दाबून खालीवर करू नयेत. आतला पहिला थर त्यांनाच चिकटलेला असतो, तो फाटतो, आणि मग सगळी वायर कापून काढून पुन्हा पहिल्या वेढ्यापासून सुरुवात करावी लागते.