एएम केंद्रांचे बदलते फॉरमॅट : पार्श्वभूमी

अमेरिकेतील लहान शहरांच्या एएम केंद्रांचा, म्हणजे मध्यम लहरींवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रांचा, इतिहास पाहिला, तर लोकप्रिय गाणी, कंट्री संगीत, जुनी गाणी, चर्चा, क्रीडा आणि धार्मिक प्रवचने असे फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमांचे ठरलेले साचे, एकामागून एक येऊन गेलेले आढळतात. या बदलांचे कारण म्हणून सहसा श्रोत्यांच्या आवडीकडे बोट दाखवले जाते. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या माध्यमाने काही हिरावून घेतले की उरलेल्यावर निभावून नेणे, हेच या केंद्रांच्या वाट्याला वारंवार आले आणि त्यात अमेरिकेतील प्रसारणाचे नियमन करणाऱ्या सरकारी आयोगाच्या (एफसीसी) निर्णयांचा हातभार मोठा होता.

१९५०च्या दशकात दूरचित्रवाणीने नाटके, विनोदी मालिका आणि त्यांचे प्रायोजक नेले, तेव्हा केंद्रांनी तबकड्यांचा आधार घेतला आणि मोजकी गाणी दिवसभर फिरवत ठेवणारा ‘टॉप ४०’ रुजला. पुढे १९६०च्या दशकाच्या मध्यावर आयोगाने असा नियम केला की, एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एकाच मालकाच्या एफएम केंद्राने आपल्या एएम केंद्राचे कार्यक्रम निम्म्याहून अधिक वेळ जसेच्या तसे प्रसारित करू नयेत. त्यामुळे एफएमला स्वतःचे संगीत शोधावे लागले. १९६१पासून मिळालेला स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांतून येणारा ध्वनी, हाताशी होताच. १९७०चे दशक सरता सरता एफएमचे श्रोते एएमपेक्षा अधिक झाले. ज्या एएम केंद्रांना केवळ दिवसाचा परवाना होता, त्यांची अडचण वेगळीच होती. रात्री मध्यम लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन दूरवर जात असल्याने इतरांना व्यत्यय होऊ नये म्हणून ती सूर्यास्ताला बंद करावी लागत.

संगीत टिकवण्याची शेवटची संधी एएम स्टिरिओत होती आणि ती कशी दवडली गेली, हे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. परस्परांशी न जुळणाऱ्या पाच प्रणाली स्पर्धेत होत्या. आयोगाने १९८०मध्ये त्यांपैकी एक निवडली. मूल्यमापनाच्या पद्धतीवर टीका होताच निर्णय मागे घेतला आणि १९८२मध्ये ‘बाजारच ठरवील’ असे जाहीर केले. एफएम स्टिरिओसाठी याच आयोगाने एकच प्रणाली ठरवून दिली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या माघारीचे नवल वाटते. श्रोत्यांकडे कोणते संच असतील हे केंद्रांना ठाऊक नव्हते, केंद्रे काय निवडतील हे संच बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत राहिले. अखेर संसदेने कायद्याने भाग पाडल्यावर १९९३मध्ये एक प्रणाली मानक ठरली, तोवर बहुतेक संगीत एफएमवर गेलेले होते. एएमचा खरखराट आणि संचांची मर्यादित ध्वनिकक्षा स्टिरिओने नाहीशी झाली नसती, हा आयोगाच्या समर्थकांचा मुद्दा खरा आहे. तरीही त्या अकरा वर्षांच्या अनिश्चिततेचे समर्थन त्यातून होत नाही.

रिकाम्या वेळेत बोलणे आले. वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७मध्ये उठवले गेले आणि पुढच्याच वर्षी राजकीय चर्चेचे देशव्यापी कार्यक्रम जोर धरू लागले. बंधन उठणे हेच एकमेव कारण मानले जाते. परंतु उपग्रहामुळे एकच कार्यक्रम शेकडो केंद्रांना स्वस्तात मिळू लागला होता, याची दखल क्वचितच घेतली जाते. १९९६च्या कायद्याने देशभरात एका मालकाकडे किती केंद्रे असावीत यावरील मर्यादा काढून टाकल्यावर स्थानिक निवेदकाची गरज आणखी घटली.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या मोटारींतील विद्युत व्यत्ययामुळे काही उत्पादकांनी एएम संच वगळले आणि तो सक्तीचा करण्याचे विधेयक २०२३मध्ये मांडले गेले. फॉरमॅटवर त्याहून मोठा परिणाम आयोगाच्या २००९च्या निर्णयाचा झाला आहे. त्यानुसार एएम केंद्रांना कमी शक्तीच्या एफएम ट्रान्सलेटरवरून, म्हणजे छोट्या पूरक प्रक्षेपकावरून, आपलेच कार्यक्रम पुन्हा प्रसारित करता येतात आणि केवळ दिवसाचा परवाना असलेल्यांना रात्रीही त्यावरून चालू राहता येते. परिणामी अनेक स्थानिक केंद्रे पुन्हा संगीताकडे वळली असून आपली ओळख सांगताना एफएमचाच आकडा उच्चारतात. मात्र ट्रान्सलेटरचा परवाना मूळ एएम केंद्राशी बांधलेला असल्यामुळे एएम प्रक्षेपण कायमचे थांबवून केवळ ट्रान्सलेटर चालवता येत नाही, आणि म्हणून फारसे कोणी ऐकत नसलेल्या लहरीसाठीही मालकांना मनोरा व वीज यांचा खर्च सोसावा लागतो.