आधी पोहोचणाऱ्यांचे मन आणि राज्याचा कायदा: नागपुरातून एक पार्श्वभूमी

नागपुरात मानकापूरकडे जाताना कुठे उतरायचे हे ऑटोवाल्याला सांगायचे असेल, तर लोक आजही ‘पागलखाना चौक’ हेच नाव घेतात. ज्या प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे हे नाव पडले, ते १८६४ सालचे आहे. त्याच्या फाटकाशी पोलिसांचा संबंध तितकाच जुना असला, तरी तो एकाच बाजूचा राहिला आहे. १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्यातील कलम १३ ने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना ताब्यात घेण्याचे काम पोलिसांवर सोपवले, १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील कलम २३ ने ते तसेच ठेवले आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम १०० मध्ये ते अधिक माणुसकीच्या भाषेत पुन्हा आले. या तिन्ही कलमांमध्ये पोलीस दिसतो तो रुग्णाला आणून पोहोचवणारा म्हणून. आणणाऱ्यालाच कधी त्या फाटकाची गरज पडेल, ही शक्यता तिथे कुठेही डोकावत नाही, आणि संकटाच्या जागी आधी पोहोचणाऱ्या पोलीस, अग्निशमन जवान व रुग्णवाहिकेतील माणसांना स्वतःच्या मनासाठी आधार मिळवताना येणाऱ्या आजच्या बऱ्याचशा अडचणींचे मूळ मला या जुन्या नजरेत दिसते.

पोलिसाच्या कामाला वेळेची चौकट नसणे हेही कायद्यानेच ठरवलेले आहे. नागपूर आधी मध्य प्रांताचे आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. इथे १८६१ चा पोलीस कायदा चालत असे आणि त्याच्या कलम २२ प्रमाणे पोलीस अधिकारी सदैव कामावर असल्याचे मानले जाई. पुढे विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्यानंतर महाराष्ट्र झाला आणि १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, इथे लागू झाला. त्याचे कलम २८ तेच सांगते. शिवाय १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर बंधने घातली. त्यामुळे कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी किंवा उपचार यांची मागणी खालून, एकत्रितपणे आणि नावानिशी पुढे येण्याची वाटच अरुंद झाली. दिवाळी, गणपती, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमीवरील गर्दी, हिवाळी अधिवेशन असे एकामागून एक बंदोबस्त करणाऱ्या शिपायाच्या थकव्याला खात्याच्या भाषेत एकच शब्द उरला, तो म्हणजे ‘सिक रजा’, आणि तीही वारंवार घेतली की संशयाची ठरते.

थकवा हा या गोष्टीचा एक भाग झाला, दुसरा भाग डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचा आहे. अकस्मात मृत्यूची खबर, जिला विदर्भातील ठाण्यांत ‘मर्ग’ म्हणतात, आली की मरणोत्तर पंचनामा करावा लागतो. प्रेत रुळावरचे असो की तलावातून काढलेले, डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक जखम पाहून, तिची लांबी-रुंदी मोजून, अंगावरच्या कपड्यांचा रंग आणि खिशातील चिल्लरसुद्धा शब्दांत उतरवावी लागते. प्रेत कुशीवर वळवायला हात लागतात, आणि ते बहुधा ठाण्यातील सर्वांत तरुण शिपायाचे असतात. पंच सह्या करून घरी जातात, शिपाई मात्र पुढच्या कामावर जातो. त्या कागदावर मृताविषयी सारे असते, पण ते प्रेत ज्याने वळवले त्याच्याविषयी काही लिहिण्याची सोय नसते.

आधी पोहोचणारे तीन, आणि त्यांचे धनीही तीन. पोलीस हा विषय राज्यसूचीतला असल्याने गृह विभाग त्यांचा धनी. अग्निशमन सेवा ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांत घातली गेली, म्हणून नागपुरातील अग्निशमन जवान महापालिकेचा. राज्यात जानेवारी २०१४ पासून ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेली १०८ रुग्णवाहिका सेवा आरोग्य विभागाची असली, तरी ती कंत्राटाने चालते, त्यामुळे तिच्यातील डॉक्टर आणि ‘पायलट’, म्हणजे चालक, सरकारी नोकर नाहीत. अपघात एकच, त्यातले रक्तही तेच, मात्र तिथे धावून गेलेल्या तिघांसाठी सेवानियम तीन वेगवेगळे आहेत. त्यामुळे एका खात्याने समुपदेशनाचा चांगला उपक्रम सुरू केला, तरी तो शेजारच्या गाडीतून उतरलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

अग्निशमनाच्या बाबतीत तर नागपूरला विशेष जबाबदारी वाटायला हवी, कारण राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून याच शहरात आहे आणि देशभरातील अधिकारी इथे शिकून गेले आहेत. वर्दी, म्हणजे आगीची खबर, मिळाली की किती वेळात निघायचे, धुरात कसे शिरायचे, हे शास्त्र बारकाईने घडत गेले. कायद्यानेही जवानाच्या शरीराची दखल फार पूर्वी घेतली. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलात काम करणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख होता. परंतु त्याच कायद्यातील व्यवसायजन्य आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस असताना मनाला झालेल्या इजेला जागा नव्हती. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम तर मुख्यतः इमारतींच्या सुरक्षिततेचा आहे.

आघातानंतरच्या तणावविकाराला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतंत्र निदान म्हणून १९८० मध्ये मान्यता दिली आणि त्यानंतर तिथल्या काही राज्यांत कायद्याची भाषा हळूहळू बदलली. फ्लोरिडाने २०१८ मध्ये शारीरिक दुखापत नसली तरी या विकारासाठी बुडालेल्या वेतनाची भरपाई मान्य केली, आणि कोणत्या प्रसंगांना ती लागू होईल त्यांची यादी कायद्यातच दिली. अल्पवयीन मुलाचा मृतदेह प्रत्यक्ष पाहणे हा त्यांतील एक प्रसंग आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून अग्निशमन जवान आणि पोलिसांचा असा विकार कामामुळेच झाला आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करायचे तर ते मालकाने करायचे असते. पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवायचे, एवढाच हा बदल वाटतो. पण आजारी माणसाला आपले दुःख खरे आहे हे पटवत बसावे लागू नये, यासाठी याहून मोठी सवलत मला सुचत नाही.

आपल्याकडे प्रसंगांची उणीव कधीच नव्हती. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले, त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. त्या संध्याकाळी कलेवरे उचलणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, हा प्रश्न तेव्हाच्या सार्वजनिक चर्चेत आलाच नाही, आणि पोलिसांच्या वर्तनाविषयीचा रास्त संताप पाहता तो विचारणे अवघडही होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये आपत्तीतील मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सूचना म्हणजे हक्क नव्हे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नागपूरपासून साठेक किलोमीटरवरील भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळे दगावली. धुराने भरलेल्या त्या कक्षात ज्यांनी आधी पाऊल टाकले, त्यांनी जे पाहिले ते फ्लोरिडाच्या यादीत शब्दशः बसते. आपल्या कायद्यात ते कुठेच बसत नाही.

२०१७ च्या कायद्याने मात्र काही दारे उघडली. कलम १८ ने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला, आणि त्यात गणवेशातला माणूसही आलाच. कलम २३ ने गोपनीयता दिली. कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे मानायला सांगितले, आणि जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेतील जुने कलम ३०९ उरले नाही. कलम ३० पोलीस अधिकाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यायला सांगते, पण तेही इतरांच्या आजाराविषयी. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचा एक पैलू असल्याचे म्हटले. खात्यातील ‘कसुरी अहवाला’कडे, म्हणजे कामातील चुकीबद्दल वर पाठवल्या जाणाऱ्या अहवालाकडे, या निकालाच्या उजेडात पाहायला हवे.

कामाच्या तासांबाबत नागपूरने एक पाऊल आधी टाकले होते. महिला पोलिसांसाठी आठ तासांची पाळी राज्यभर नेण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला, त्याआधी ती ज्या मोजक्या ठिकाणी सुरू झाली त्यांत नागपूर शहर होते. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही सर्वांसाठी खुला आहे. पण फोन करू पाहणाऱ्या हवालदाराची भीती वेगळीच असते. नाव कळले तर पिस्तूल जमा करून घेतील का, सर्व्हिस शीटवर शेरा येईल का, पदोन्नती अडेल का, या प्रश्नांना आदेशाने किंवा परिपत्रकाने दिलेले उत्तर अधिकारी बदलला की बदलू शकते. राज्याच्या पोलीस अधिनियमात, महापालिकेच्या सेवानियमांत आणि रुग्णवाहिकेच्या कंत्राटाच्या अटींत, असे तिन्ही ठिकाणी ते उत्तर एकाच अर्थाच्या शब्दांत लिहायचे काम अजून बाकी आहे.