गिरणी कामगार: बदलीवाल्यांपासून घरांच्या सोडतीपर्यंत

मुंबईच्या गिरणी कामगारांचा विषय निघाला की आपण थेट १८ जानेवारी १९८२ वर येतो. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार, अधिकृतपणे कधीच मागे न घेतलेला संप. त्या संपाच्या मागण्यांत पगारवाढीइतकीच महत्त्वाची एक मागणी होती, बदली कामगारांना, म्हणजे कायम कामगाराच्या गैरहजेरीत रोजापुरतं काम मिळणाऱ्यांना, कायम करण्याची. आज ती फार कुणाच्या लक्षात नाही. माझ्या मते गिरणगावाच्या ओढाताणीचं मूळ तिथेच आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं लालबाग-परळच्या चाळींत येऊन राहिली. कामावर लावणारा जॉबर. त्याची मर्जी राखायची तर त्याचे हात ओले करावे लागत. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी बदलीवाला घेत. पाळी सुरू व्हायच्या आधी हे बदलीवाले फाटकावर येऊन थांबायचे. काम मिळालं तर त्या दिवसाची मजुरी, नाही तर परत खोलीवर. मालकांना ही व्यवस्था सोयीचीच होती, कारण मागणी घटली की या माणसांना फाटकावरूनच परत पाठवता येई. कित्येकांची उमेदीची वर्षं बदलीवरच गेली.

पगाराची खात्री नसली तरी गावची मनीऑर्डर चुकवून चालत नसे. मग सावकाराचं व्याज आलंच. जेवण खानावळीत, हिशेब पगाराच्या दिवशी. कामगाराचे पैसे थकले की खानावळ चालवणाऱ्या बाईची किराण्याची उधारी चढायची, दागिने गहाण पडायचे. गिरणीच्या हजेरीपटावर या बायकांचं नाव कधीच नव्हतं, पण कापड धंद्यातल्या तंगीचा मोठा भार त्यांनी उचलला. त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

हक्क मिळाले ते झगडूनच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १९२८ साली सहा महिने संप चालला, त्यातूनच गिरणी कामगार युनियन वाढली. मग १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका धंद्यात वाटाघाटींचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला, आणि ती ठरवायला गुप्त मतदान नाही. गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली. कामगार सामंतांच्या मागे गेले, तरी कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी दुसराच होता. म्हणून १९८२ चा संप मालकांइतकाच या कायद्याच्या विरोधात होता.

तोवर भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात कापड विणलं जाऊ लागलं होतं, आणि गिरण्यांखालची सुमारे ६०० एकर जमीन कापडापेक्षा मोलाची ठरत चालली होती. १९९१ च्या विकास नियमावलीनुसार गिरणीची जमीन विकासाला काढायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, घरांसाठी द्यायची होती. २००१ साली नियम बदलला. हिस्सा आता सगळ्या जमिनीतून नाही, तर फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेतून निघणार होता. सार्वजनिक वाट्याची जमीन एकदम घटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. घर मागणारे अर्ज लाखाहून जास्त होते, घरं काही हजार.