टॉप गिअर लवकर टाकला की ॲव्हरेज वाढतं? दरवेळी नाही

नवीन बाईक शिकणाऱ्याला सगळे हेच सांगतात, पटापट गिअर वर टाक, चौथ्यात चालव, पेट्रोल वाचतं. सपाट रस्त्यावर 45 च्या स्पीडला बरोबर आहे ते, पण 97 सीसीची स्प्लेंडर, मागे डबलसीट, समोर चढ आणि स्पीड 25, तिथे चौथा ठेवला की इंजिन धडधडतं, चेन झटके देते, ॲक्सलरेटर पूर्ण पिळला तरी गाडी ओढत नाही. असं पिळून पेट्रोल काही वाचत नाही, वर इंजिनवर उगाच ताण. सरळ एक गिअर पाडा, आवाज लगेच मोकळा होतो. आवाज किंचाळायला लागला की वरचा टाका. स्पीडचे आकडे फक्त अंदाजाला, लोड बदलला की तेही बदलतात.