एकल विचारमंथन

अडलेल्या प्रश्नावर एकट्याने बसून, बरेवाईट न ठरवता सुचतील तेवढे उपाय आधी कागदावर उतरवायचे आणि त्यांतली निवड नंतर, वेगळ्या बैठकीत करायची, या रीतीला एकल विचारमंथन म्हणतात. एकांतात बसून डोके धरणे म्हणजे हे नव्हे. समुद्रमंथनात दोरीची दोन टोके दोन पक्षांकडे होती. इथे दोन्ही टोके एकाच माणसाच्या हातात असतात, म्हणून सुचवण्याची वेळ आणि खोडण्याची वेळ वेगळी ठेवावी लागते. बाकी सगळे तपशील दुय्यम आहेत.

विचारमंथन, म्हणजे ब्रेनस्टॉर्मिंग, हा मुळात गटाचा खेळ. न्यूयॉर्कमधील जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी तो रूढ केला आणि १९५३ साली ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात त्याचे नियम सविस्तर मांडले: टीका करायची नाही, कल्पना भरपूर हव्यात, वेडगळ वाटली तरी चालेल, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी. गटात बसल्यावर माणसाला एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना सुचतात, असा त्यांचा दावा होता. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी तो तपासला. चौघांचे १२ गट केले, ४८ जणांना एकेकटे बसवले आणि नंतर या एकट्यांच्या यादीतून चार-चार कागद एकत्र करून, एकसारख्या कल्पना एकदाच मोजल्या. माणसाच्या हाताला एक जादा अंगठा फुटला तर काय होईल, असाही एक प्रश्न त्यांत होता. फरक जवळपास दुपटीचाच निघाला, पण एकट्यांच्या बाजूने.

गट मागे का पडतो, याचे कारण १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी शोधले. संकोच असतो, दुसरा करील म्हणून अंग चोरणेही असते, पण मोठा अडथळा म्हणजे बोलण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबणे. एका प्रयोगात माणसे वेगवेगळ्या खोल्यांत होती, तरी दुसरा बोलत असल्याचा दिवा लागला की थांबायचे, एवढा नियम घातल्यावर त्यांचीही यादी आखडली. थांबलेल्या वेळात सुचलेले निसटते, किंवा तेच घोकत बसल्याने पुढचे सुचत नाही. कोल्हापूरच्या कोणत्याही कट्ट्यावर हे दिसते. पहिला जे बोलला त्याच्याच मागे चौघांची गाडी लागते, आणि ‘काय खुळ्यागत बोलतोयस’ एवढे ऐकले की पाचवा तोंडच उघडत नाही.

प्रत्यक्षात हे कसे चालते? समजा, कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरच्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकाम कारखान्यात, एकाच कास्टिंगला (ओतलेल्या नगाला) ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली भोके, येऊन माल रिजेक्ट होतोय. चर्चेत ‘साच्याच्या वाळूत ओल जास्त’ यावर सगळ्यांचे एकमत झालेले असते. फोरमन पाळी सुटल्यावर माल पाठवल्याच्या जुन्या चलनाच्या कागदामागे वरती प्रश्न लिहितो आणि वीस मिनिटे लावून बसतो. ओल, न भाजलेला कोअर (नगाच्या आत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा), बुजलेले व्हेंट (वायू बाहेर जायची छिद्रे), गार धातू, ओलसर लॅडल (धातू ओतायचे भांडे): सहाव्या ओळीपर्यंत हात भराभर चालतो आणि मग अडतो. बहुतेक जण इथेच उठतात, आणि तिथेच चुकतात. पुढे सुचणारे कमी दर्जाचे असेल असे माणसाला वाटते, तसे ते नसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या गैरसमजाला ‘सर्जनशीलतेच्या कड्याचा भास’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. फोरमन बसून राहिला तर प्रश्न उलटून बघतो: रात्रपाळीचेच नग वेगळे मोजले तर? पॅटर्न (ज्यावरून साचा घडवतात तो नमुना) फिरवून, मशिनिंग होणारी बाजू खाली घेतली तर? या दुसऱ्या उपायाने वायू थांबत नाही, पण भोक पडलेच तर नको त्या जागी पडत नाही.

अडल्यावर चालायला जाणे हा जुना उपाय आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील ऑपेझो आणि श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या प्रयोगांत चालताना बहुतेकांना जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानासुद्धा. म्हणजे श्रेय रंकाळा तलावाच्या वाऱ्याला नव्हे, पायांना. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या कामात चालण्याचा फायदा दिसला नाही, म्हणून रंकाळ्याच्या फेरीत यादी वाढवावी, निवड घरी येऊन करावी.

मर्यादाही आहेत. माहितीच अपुरी असेल तर एकटा माणूस त्याच चार गोष्टी उलटसुलट लिहीत राहतो. एकट्याच्या कल्पकतेचा विषय निघाला की कोल्हापुरात ‘खरी कॉर्नर’ चौकातला, चित्रपटाच्या देशी कॅमेऱ्याच्या स्मरणार्थ असलेला कॅमेरा स्तंभ आठवतो, पण तो कॅमेराही एकट्याचा नव्हता. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामे भावांनी खटपट सुरू केली, १९१६ मध्ये आनंदराव वारले, आणि बाबूरावांनी सहकाऱ्यांना घेऊन ती तडीस नेली. पुढे १९२० मध्ये बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला.

खुद्द ऑसबर्न यांनीही गटाला एकट्याच्या विचाराची जोड मानले होते: आधी एकटा, मग गट, मग पुन्हा एकटा. म्हणून फोरमनचा तो कागद सकाळी मोल्डरच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या कामगाराच्या, हातात जायला हवा. वाळूचा ढीग रात्री पत्र्याच्या गळतीखाली असतो, हे फक्त मोल्डरलाच माहीत असते.